शाळेत गेलेला आवाज

माझा आवाज शाळेत जायला लागला त्या सकाळी मी इकडं पानमळ्यात वेल बांधत होते. मी चौथीतून उठवलेली बाई. शाळेची पायरी पुन्हा चढले ती मुलाचं नाव घालायला, आणि नंतर सून त्याच शाळेत मास्तरीण म्हणून लागली तेव्हा पेढे वाटायला. आणि आता माझा आवाज तिथं बसून तिसरीच्या पोरांना अपूर्णांक शिकवत होता. मला स्वतःला अपूर्णांक येत नाहीत. अर्धा, पाव, पाऊण येतं. पानाच्या बाजारात तेवढ्यावर भागतं, आणि माझं तर चांगलंच भागलंय. मिरजेच्या पूर्वेला आमच्या गावात एवढा मोठा मळा दुसऱ्या कुणाचा नाही. गौराक्का मगदूम म्हणून कुणालाही विचारा.

हे झालं कसं, ते सांगते.

शाळांतून बोलके फळे बसले त्याला बरीच वर्षं झाली. फळा बोलायचा, चित्रं दाखवायचा, पोरं आधी फळ्याकडं बघायची आणि मग खिडकीबाहेर. पुढं पुढं तर फळा एकटाच बोलायचा, एखाद्या म्हाताऱ्यासारखा. मग पुण्याहून केतकी नावाची एक पोरगी आली. शिकलेली, चुणचुणीत, आणि घरी हिला जेवायला घालतात की नाही अशी शंका यावी इतकी बारीक. तिच्याकडं डबीभर करड्या टिकल्या होत्या. कपाळाला लावायच्या नव्हेत, कानामागं चिकटवायच्या.

माझ्या ओसरीवर बसून तिनं मला त्यातलं शास्त्र सांगितलं, ते मी माझ्या शब्दांत सांगते. लांबून ओळखीची गाडी आली की बैल आधी मान वळवत नाही, आधी कान वळवतो. माणसाच्या कानामागं तोच स्नायू अजून आहे. लाखो वर्षांत तो निकामी झाला, आपला कान काही हलत नाही, पण त्या बिचाऱ्या स्नायूला हे कुणी कळवलेलं नाही. माणूस मन लावून ऐकायला लागला की तो कान टवकारू बघतो, आणि तेवढ्यानं त्यात वीज उठते. मुंगीलाही झटका बसणार नाही एवढी बारीक. टिकली ती वीज मोजते. म्हणजे पोराचं लक्ष उडालं हे पोराला कळायच्या आधी फळ्याला कळतं. फळा थांबतो, दुसरं उदाहरण घेतो, पुन्हा सांगतो. सांगतो तेही टिकलीतूनच, कवटीच्या हाडातून थेट आत. प्रत्येक पोराला त्याच्या गतीनं त्याचा धडा, आणि बाहेरून बघावं तर वर्ग गपगार. पंख्याची घरघर, बाकांची करकर, रस्त्यावरचा ट्रॅक्टर, असे बिनकामाचे आवाज टिकली दाबून टाकते.

मग अडलंय कुठं, असं मी विचारलं. केतकी म्हणाली, आवाजावर अडलंय. नटनट्यांचे गोड आवाज घालून बघितले, स्नायू झोपूनच. मग गावातले आवाज पोरांना ऐकवले. सरपंचाचा, डॉक्टरचा, मुख्याध्यापक चौगुले गुरुजींचा, माझ्या सुनेचा. कुणाच्या आवाजाला स्नायू जरा हलला, कुणाच्या नाही. शेवटी पाटकऱ्याबरोबर पाण्यावरून माझं भांडण झालेलं कुणीतरी फोनवर टिपलं होतं, ते लावलं. अख्ख्या वर्गाचे स्नायू उभे.

राहणारच. त्यातल्या निम्म्यांच्या बापांना मी मळ्यातून हाकललेलं आहे.

केतकी माझ्यापुढं यंत्र ठेवून बसली आणि म्हणाली, आज्जी, काहीही बोला. जन्मात मला कुणी असं सांगितलं नव्हतं. सगळे आपले पुरे करा म्हणत आलेत. मी बोलले. कुणाचं लग्न कसं जुळलं, कुणाच्या विहिरीला पाणी का लागलं नाही, पानाला करपा कशानं येतो, सगळं. बऱ्याच दुपारी चाललं ते. नंतर कळलं की यंत्रानं त्यातल्या शिव्या चाळून काढल्या, शब्दही टाकून दिले, आणि नुसता सूर ठेवून घेतला. त्या सुरात आता ते कुठलाही धडा बोलू शकत होतं. वर्षभराच्या परवानगीवर मी सही केली. अंगठा नाही, सही.

पहिल्यांदा ऐकायला मी शाळेत गेले, तेव्हा सुनेनं माझ्या कानामागं टिकली लावून दिली. आतून मीच बोलले, "बाळांनो, या पानाचे चार सारखे भाग करू या. घाई नको. चुकलं तरी चालेल."

चुकलं तरी चालेल, हे वाक्य माझ्या तोंडून आजवर कधी निघालेलं नाही. मला वाटलं, ही बाई कोण? दिसायला माझ्यासारखीच असणार, पण कुणीतरी धुऊन, नीळ घालून वाळत टाकलेली. तरी खोटं कशाला सांगू, छाती फुगली. चाळीस पोरं माना खाली घालून माझं ऐकत होती. बापानं शाळेतून उठवलेल्या बाईचं.

माझी सून त्रिशला वर्गाच्या मागं उभी होती. तिचा आवाज मूळचाच बारीक. लग्न होऊन आली तेव्हा मी म्हटलं होतं, या आवाजानं तू ताकावरची माशी तरी हाकलशील का. पोर सोसणारी आहे, तिनं ते सोसलं. आता वर्गात तिला काम उरलं होतं ते टिकल्या चार्जिंगला लावायचं, पोरांची नाकं पुसायचं आणि कुणाला शू लागली तर सोडायचं. त्या संध्याकाळी ताट वाढताना ती म्हणाली, "आत्ती, घरी तुम्ही, वर्गात तुम्ही. माहेरी तरी मला एकटीला जाऊ द्या."

हसून म्हणाली. मीही हसले.

वर्षअखेरीला आमची शाळा तालुक्यात पहिली आली. चौगुले गुरुजींनी माझा फोटो ऑफिसात लावला. मग तालुक्यातल्या बाकीच्या शाळांनीही माझा आवाज मागून घेतला. मी हो म्हटलं. का म्हणू नये? पुढच्या वर्षाची सहीही आनंदानं केली.

त्यानंतर एकदा मी तालुक्याच्या बाजारात वांगी घेत होते. वांगीवाल्यानं तळात किडकी सारली, म्हणून मी त्याला जरा सुनावलं. जरा म्हणजे माझ्या मानानं जरा. तर आजूबाजूला आयांचे पदर धरून चाललेली सगळी पोरं जागच्या जागी ताठ उभी राहिली. परक्या गावातली पोरं, मी त्यांना कधी बघितलेलं नाही. एक मुलगा हळूच पुढं आला आणि म्हणाला की, आज्जी, काल तुम्ही शिकवलेलं भागाकाराचं मला कळलं नाही, पुन्हा सांगता का. त्याची आई माझ्याकडं बघायला लागली. मी काय सांगणार? वांग्याची पिशवी उचलली आणि निघाले. मागून तो म्हणाला, ही ती नाही.

आधी मजा वाटायची. मग थकायला झालं. मळ्यात बायकांशी बोलत असले की बांधावरून पोरं कान देऊन उभी. देवळात दर्शनाला गेले की कुणीतरी पाढे म्हणून दाखवणार. आपल्याच आवाजाचा आपल्याला कंटाळा येतो हे मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्यांना येत असेल, याची कल्पना होती.

आता खऱ्या गोष्टीकडं येते. माझी नात ऊर्वी त्याच वर्गात, आधी तिसरीत आणि आता चौथीत; वर्गाबरोबर त्रिशलाही वर चढली. भरतेश, माझा मुलगा, पानांच्या गाडीबरोबर सदा वाटेवर; घरात आम्ही तिघीच. ऊर्वी फार उशिरा झालेली. आमच्याकडं अशा पोराचं तोंडावर कौतुक करत नाहीत, दृष्ट लागते. म्हणून मी तिला जन्मल्यापासून घुबडे म्हणते. ए घुबडे, जेव. ए घुबडे, वेणी घालून घे. एवढ्या वर्षांत तिच्या देखत तिला चांगलं म्हटलेलं नाही, ते मुद्दाम. आणि शाळेतली मी मात्र दिवसभर तिला हाडातून सांगत होते, शाब्बास ऊर्वी, किती सुंदर काढलंस, किती हुशार आहेस तू.

एकदा मी घुबडे म्हणून हाक मारली, तर पोरगी म्हणाली, शाळेतली आज्जी असं म्हणत नाही. मी म्हटलं, मग तिच्याकडून वेणी घालून घे. ती म्हणाली, तिला हात नाहीत म्हणून तुझ्याकडं येते. लागलं मला ते. पण पोर माझ्याच वळणावर गेलंय असं म्हणून मी सोडून दिलं.

आम्ही जैन. दिवस मावळल्यावर आमच्या घरात चूल पेटत नाही आणि ताट मांडलं जात नाही. दिवस कलला की त्रिशला परसदारातून ऊर्वीला हाक मारते आणि मी मळ्यातून परत येते, असा आमचा शिरस्ता. त्या दिवशी मला मळ्यात उशीर झाला. आले तेव्हा सूर्य बुडाला होता, त्रिशला झाकलेल्या ताटापुढं बसली होती आणि ऊर्वी परसात पेरूच्या झाडाखाली चित्र काढत होती. जेवलीस का विचारलं तर म्हणाली, आईनं बोलावलंच नाही.

त्रिशला म्हणाली, घसा बसला हाका मारून. दारात उभी राहून मारल्या, नंतर झाडापर्यंत जाऊन मारल्या. हिनं मान वर केली नाही.

मी पोरीला धरून हलवलं. ती रडायला लागली. म्हणाली की, खरंच नाही ऐकू आलं, आईशप्पथ. नियम म्हणजे नियम, पोर उपाशी झोपणार होतं. मीच म्हटलं दूध दे, पाप माझ्या डोक्यावर. मला वाटलं, नाटक. पोरं आईला छळतात, त्यात नवल काय. पण ऊर्वी उपाशी राहून नाटक करणारी नाही. जेवण म्हटलं की ती सगळ्यांच्या आधी पाटावर असते.

डॉक्टरकडं नेलं. त्यानं कानात बत्ती घालून बघितलं आणि म्हणाला, कान ठणठणीत आहेत, टाचणी पडली तरी ऐकेल.

मग त्रिशलानं ते केलं जे मला सुचलं नसतं. रविवारी दुपारी शाळेतली टिकली घरी आणली, ऊर्वीच्या कानामागं लावली आणि तिला चित्र काढायला बसवलं. वर्ग बघायची जी पाटी तिच्याकडं असते, काचेची, ती मांडीवर घेतली. पाटीवर एक हिरवी रेघ धावत होती. मी दारात उभी होते.

त्रिशला म्हणाली, "ऊर्वी, पेन्सिलीला टोक करून देऊ का?"

रेघ सपाट. न्हाणीतल्या फरशीसारखी सपाट.

ती म्हणाली, "ऊर्वी, बाळा, बाबा येणार आहेत उद्या."

रेघ हलली नाही. पोरगी रंग भरत राहिली. मला घशात काहीतरी आलं म्हणून मी खाकरले. नुसती खाकरले, शब्द नाही. रेघ उडून पाटीच्या वरच्या कडेला लागली आणि ऊर्वीनं मान वळवली.

त्रिशला त्या रेघेकडं बघत बसली. नंतर तिनं पाटी उपडी ठेवली आणि मला विचारलं, "आत्ती, मी हिची आई आहे का पंखा आहे?"

मी आत जाऊन फोन उचलला. 

केतकीला बोलावून घेतलं. ती आली, तिनंही रेघ बघितली आणि तिचं तोंड उतरलं. मग तिनं समजावून सांगितलं. वर्गात टिकली बिनकामाचे आवाज दाबते. त्रिशला दिवसभर वर्गात मागं फिरते, कुणाला नीट बस म्हणते, कुणाला पाणी पी म्हणते. धडा चालू असताना तेही टिकलीला बिनकामाचंच. दोन वर्षं रोज ते दाबलं गेलं आणि वर माझा आवाज दिला गेला. मेंदू काही मूर्ख नसतो, तो शिकतो. हा आवाज आला की माझ्यासाठी काहीतरी आहे, तो आला की काही नाही. टिकली काढली तरी मेंदूनं ते काम स्वतःच चालू ठेवलं. बाकीच्या पोरांचे कान आपापल्या आयांवरून असे उठले नव्हते, कारण त्यांच्या आया वर्गात नव्हत्या. पण वर्गात येणाऱ्या मास्तरांचं पोरं ऐकेनाशी झाली होती, हे चौगुले गुरुजींना केव्हाच कळलं होतं. निकाल चांगला होता म्हणून ते बोलले नव्हते.

केतकी म्हणाली, "आम्ही लक्ष कशावर बसतं ते मोजलं, आज्जी. ते कशावरनं उठतं, ते मोजलं नाही."

पोरगी प्रामाणिक आहे. मी तिला चहा दिला.

परवानगीचं वर्ष संपत आलंच होतं. नवीन सही घ्यायला चौगुले गुरुजी आणि गावातली चार माणसं आली. आधी त्यांनी मला चढवलं. म्हणाले, गौराक्का, तालुक्याची आज्जी आहात तुम्ही, पोरं शिष्यवृत्तीला बसायला लागलीत. ते खरं होतं, आणि मला ते ऐकायला आवडलं, हेही खरं. मग त्यांनी घाबरवलं. सगळ्या शाळांचं नुकसान होईल, लोक नावं ठेवतील. एकजण म्हणाला की, एका पोरीपायी एवढ्या पोरांचा विचार करणार नाही का. मी म्हटलं, ज्यांना विचार करायचा आहे त्यांनी आपापल्या पोरांचा करावा, माझ्या घरात एकच आहे. सही केली नाही.

माझा फोटो ऑफिसातून निघाला. निघू दे. त्यात मी सुजल्यासारखी दिसत होते.

आता सगळं ठीक होईल असं मला वाटलं. फळा वेगळ्या आवाजात बोलायला लागला. म्हणजे रोज निराळा आवाज, कुणा एकाला कान बांधला जाऊ नये म्हणून केतकीनं तशी सोय केली. टिकलीही आता वर्गातल्या बाईंचा आवाज दाबत नाही. पोरं सुरुवातीला भांबावली. निकाल खाली आला. देवळात बायका माझ्याकडं पाठ करून बसायला लागल्या.

आणि घरी मात्र काही बदललं नाही. त्रिशला हाक मारायची, ऊर्वी ऐकायची नाही. मी भाजी चिरता चिरता नुसतं अगंबाई म्हटलं तरी पोरगी धावत यायची. शाळेत आवाज मिळेना, म्हणून घरातल्या आवाजाला जास्तच चिकटली. आता घुबडे म्हटलं तरी तिला चालायचं. पुन्हा म्हण, म्हणायची.

मी केतकीला फोन लावला. ती म्हणाली, कान सुटेल, पण त्याला त्या आवाजापासून लांब ठेवावं लागेल, काही महिने तरी. शाळेतला आवाज आम्ही बंद केला.  पुढचं तिला म्हणवेना.

मीच म्हटलं, "आणि मला कुठनं बंद करणार?"

 बटण असतं तर तिनं सांगितलं असतं.

विचार करायला मी मळ्यात गेले. कुठंतरी निघून जावं असंही मनात आलं. बहिणीकडं जयसिंगपुरात. पण मळा कोण बघणार, आणि आज्जी गेली म्हणून पोरगी झुरणार ते वेगळंच. आज्जी दिसायला हवी. ऐकू येता कामा नये.

ऊर्वी अंघोळीला गेली तेव्हा मी त्रिशलाला सांगितलं की, उद्यापासून मी पोरीच्या देखत बोलणार नाही.

तिला आधी वाटलं मी रागावले. मग तिला कळलं आणि ती हातातलं काम टाकून उभी राहिली. म्हणाली, "आत्ती, असं करू नका. तुम्ही गप्प बसलात तर हे घर मला खायला उठेल."

"तुझ्या लग्नापास्नं तुझी तीच इच्छा होती की."

"होती," ती म्हणाली. "रोज होती. तरी नको."

एवढं खरं बोलणं आमच्या दोघींत पूर्वी कधी झालं नव्हतं. मी तिला म्हटलं, माझ्यावर दया करू नकोस, तुझ्या आवाजाकडं बघ. नुसत्या हाका मारू नकोस, पोरीला काहीतरी हवंसं वाटेल ते बोल. आणि तुझा आवाज वाढवू नकोस. माझ्यासारखी ओरडायला गेलीस तर आणखी एक मीच तयार होईन, आणि एका घराला एक पुष्कळ झाली.

दुसऱ्या दिवसापासून गप्प बसले. सोपं वाटतं ऐकायला. माझ्यासारख्या बाईला विचारा. दूध उतू जात असतं, मांजर ताटात तोंड घालत असतं, पोर उलटी चप्पल घालून निघालेलं असतं, आणि जीभ दाताला टेकवून बसायचं. मी भांडं आपटायला लागले, तर त्रिशला म्हणाली की, आत्ती, ते भांडंही तुमच्याच आवाजात वाजतंय. तेही बंद केलं. हातवारे केले. मळ्यात मात्र पोरगी शाळेत असेपर्यंत मी दिवसाचं सगळं बोलून घ्यायचे. कामाच्या बायका म्हणायच्या, आक्का, दम तरी घ्या.

गावात बोभाटा झाला की मगदुमांच्या घरात सासू-सुनेचं बिनसलं. म्हातारी बोलत नाही, सुनेनं काहीतरी केलं असणार. त्रिशलाच्या माहेरापर्यंत गोष्ट गेली आणि तिचा भाऊ समजूत काढायला आला. मी त्याला पुरणपोळी वाढली आणि गप्प राहिले, कारण ऊर्वी शेजारच्या पाटावर होती. तो बिचारा जास्तच घाबरून गेला.

त्रिशला बोलत होती. आधी तिला काही सुचायचं नाही. वर्गात दोन वर्षं नीट बस, पाणी पी एवढंच म्हणून बाई घरातही बोलायचंच विसरली होती. मग ती पोरीच्या शेजारी बसून जे समोर असेल ते बोलायला लागली. वाटाण्याच्या शेंगेत किती दाणे निघतील, आधी तू सांग मग मी. बाबांच्या गाडीचा कोणता टायर गुळगुळीत झालाय. ऊर्वीचं लक्ष माझ्या तोंडाकडं. तोंड उघडतंय का, उघडतंय का. आई बोलत असायची ती जशी भिंतीशी.

एके दुपारी पोरगी माझ्या मांडीवर येऊन बसली. दोन्ही हातांनी माझे गाल धरले आणि म्हणाली, "आज्जी, एकदाच बोल. घुबडे म्हण."

मी मान हलवली.

"मी काय केलं?"

काही नाही, असं हातानं सांगितलं. तिला ते कळलं नाही. ती म्हणाली, तू पण शाळेतल्या आज्जीसारखी बंद पडलीस. आणि रडली, माझ्या लुगड्यात तोंड घालून. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि ओठ इतके घट्ट मिटले की नंतर जबडा दुखला. नवरा गेला तेव्हा मी ओरडून रडले होते, सगळ्या गावानं ऐकलं होतं. ते सोपं होतं.

उन्हाळा गेला, पावसाळाही जात आला. या काळात काय काय झालं ते मला नीट आठवत नाही, कारण जे दिवस बोलले नाही ते लक्षात राहिले नाहीत. मन मोकळं करायला म्हणून हे लिहायला बसले. चौथीच्या अक्षरात. त्रिशला शुद्धलेखन बघते आणि नाक मुरडते, तेवढा तिचा हक्क.

परवा शाळेला सुट्टी होती, म्हणून पानं खुडायला त्रिशला मळ्यात आली, बरोबर ऊर्वी. पानमळ्यात चप्पल चालत नाही. आम्ही अनवाणी आत शिरलो, अंगठ्याला पानं खुडायची लोखंडी नखं लावली आणि सरीतून एकामागं एक चाललो. पुढं ऊर्वी टोपली घेऊन, मागं मी, आणि पलीकडच्या सरीत वेलांआड त्रिशला. मळ्यात दिवसाही सावली दाट, माणूस दिसत नाही, नुसती पानं हलताना दिसतात. पाटाचं पाणी सकाळीच सोडलं होतं.

पलीकडून त्रिशलाचा आवाज आला. तसाच बारीक, जराही न चढवलेला. म्हणाली, ऊर्वी, पाय जपून टाक गं, पुढं ओल आहे.

पोरगी थांबली.

मीही थांबले.  वाटलं, पायात काटा गेला असेल, टोपली अडकली असेल. पण तिचा पाय वर उचललेला होता आणि ती खाली चिखलाकडं बघत होती. मग तिनं तो पाय बाजूच्या कोरड्या मातीवर ठेवला, माझ्याकडं वळली आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं सावकाश म्हणाली, "आज्जी, आई म्हणतीय पाय जपून टाक. पुढं ओल आहे."

या मळ्यात मी लग्न होऊन आल्यापासून अनवाणी चालते. कुठं ओल आहे आणि कुठं नाही हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही, सांगायची कुणाची छाती झालेली नाही.

मी पाय जपून टाकला.